गोंगाट कशास म्हणावे?

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत कित्येक शब्द असे आहेत की, ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याचे श्रम वाचतात. ‘गोंगाट’ हा त्यांपैकीच एक होय. घरातील मुलगा आपल्या खोलीत रॉक संगीताचा एखादा नवा अल्बम लावून बसतो. बाहेर झोपाळ्यावर बसलेले वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, “तो गोंगाट बंद कर”. आणि खटल्याचा निकाल लागतो. फिर्याद नाही, पुरावा नाही, आरोपीचे म्हणणे ऐकणे नाही. ज्या घरात सुताच्या जोडीची किंमतही चार दुकानांत विचारल्यावाचून ठरत नाही, त्याच घरात एका सबंध संगीतप्रकाराची किंमत अर्ध्या वाक्यात ठरते, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

हे नवल आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते असे मात्र नव्हे. आम्ही स्वतः ह्याच निकालपत्रावर पुष्कळ वर्षे सही करीत आलो. आम्ही चंद्रपूरचे रहिवासी. आमचे कान नाट्यपदांवर आणि गावोगावच्या खंजिरी-भजनांवर पोसलेले. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या आमच्या भाच्याने आमच्या हातात कानावर लावावयाचे यंत्र दिले आणि तो म्हणाला, “मामा, शिव्या द्यावयाच्या असतील तर द्या, पण आधी एकदा पुरते ऐका.” ही अट इतकी न्याय्य होती की, ती नाकारण्यास आम्हांस काही कारण सापडेना. त्याने निवडून दिलेले, गेल्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झालेले चार अल्बम आम्ही त्या दोन महिन्यांत प्रत्येकी चार-पाच वेळा ऐकले. त्याविषयीचे आमचे मत, आणि त्यातून पुढे निघालेला एक अधिक अप्रिय प्रश्न, हे दोन्ही येथे मांडतो.

आरंभीच एका आक्षेपाचा समाचार घेणे अवश्य आहे. आक्षेप असा की, हे संगीत परके, त्याची वाद्ये परकी, तेव्हा आपल्या घरात त्याचे काय काम? हा आक्षेप करणाऱ्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात बहुधा एक पेटी असते. ती पेटी युरोपातून आली, हे ते विसरतात. १९४० साली आकाशवाणीने ह्याच पेटीला परकी व बेसूर ठरवून आपल्या केंद्रांतून हद्दपार केले, आणि ती हद्दपारी सुमारे तीस वर्षे टिकली. त्या काळात महाराष्ट्रातील एकाही भजनी मंडळाने पेटी फेकून दिली नाही. आमच्या संगीत नाटकाने तर त्याच्याही आधी पाश्चात्य ऑर्गन आपलासा केला होता, आणि बालगंधर्वांचे गाणे ऑर्गनच्या साथीने ऐकून ज्यांचे डोळे भरून येत, त्यांना ते वाद्य कोठून आले हे विचारण्याची गरज भासली नाही. वाद्य परके की आपले हे जकातनाक्यावर ठरत नाही; त्याच्यावर कोण काय वाजवितो ह्यावर ठरते.

दुसरी गोष्ट, अल्बम म्हणजे काय ती. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मोठमोठ्या गवयांना आपले राग त्या तीन मिनिटांत बसवावे लागले. १९४८ साली लांब पल्ल्याची तबकडी निघाली, एका बाजूवर वीसेक मिनिटे मावू लागली, आणि पुढे त्या जागेचा उपयोग करून गाण्यांची एक सलग माळ गुंफण्याची कला ह्या लोकांनी वाढविली. म्हणून चांगला अल्बम हा गाण्यांचे गाठोडे नसतो. कोणते गाणे आधी, कोणते शेवटी, ह्याला त्यात अर्थ असतो. मधलेच एक गाणे मोबाइलवर अर्धे ऐकून अल्बमविषयी मत देणे म्हणजे नाटकाचा तिसरा प्रवेश पाहून नाटककाराची परीक्षा करण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष अल्बमांकडे वळू. पहिला ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या इंग्रज मंडळीचा ‘हॅकनी डायमंड्स’. हा ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाला. स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा ह्यापूर्वीचा अल्बम २००५ सालचा, म्हणजे मध्ये अठरा वर्षे लोटली. गायक मिक जॅगर ह्या वेळी ऐंशी वर्षांचा होता. त्यांचा जुना तालवादक चार्ली वॉट्स २०२१ साली वारला. तथापि त्याने आधी वाजवून ठेवलेला ताल दोन गाण्यांत आहे, आणि तो आला की गाण्याचे पाऊल निराळे पडते, हे आमच्यासारख्या नवशिक्यालाही कळले. अल्बममधील कित्येक गाणी, खरे बोलावयाचे तर, सराईत हाताची आहेत. चकचकीत आणि फारशी लक्षात न राहणारी. परंतु शेवटचे गाणे ऐकून आम्ही सावरून बसलो. मडी वॉटर्स ह्या कृष्णवर्णी अमेरिकन गायकाच्या ज्या जुन्या गाण्यावरून ह्या मंडळीने तरुणपणी आपले नाव घेतले, तेच गाणे ते येथे केवळ गिटार आणि तोंडाने वाजवावयाचा बाजा एवढ्यावर म्हणतात. ऐंशीव्या वर्षी मनुष्याने आपल्या गुरूच्या उंबरठ्यावर जाऊन बसावे, असा तो प्रकार आहे. ह्याला गोंगाट म्हणणाऱ्याने ऋण फेडणे ह्यालाच गोंगाट म्हटले आहे.

दुसरा ‘मेटॅलिका’ ह्या अमेरिकन मंडळीचा, एप्रिल २०२३ मधला ‘सेव्हन्टी-टू सीझन्स’. बहात्तर ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षे. त्या काळात आपण कोण आहोत ह्याविषयी जे खरेखोटे मनावर कोरले जाते, तेच माणूस पुढे जन्मभर वागवितो, ही अल्बमची कल्पना. त्यांचे ऋतू चार, म्हणून हिशेब बहात्तरचा. आमच्या सहा ऋतूंनी मोजला तर एकशे आठ भरतात, आणि जपाची माळ पुरी होते! कल्पना गंभीर आहे आणि गायकाच्या आवाजातील बोच खरी आहे. पण सत्त्याहत्तर मिनिटांत बारा गाणी, आणि मधली तीन-चार एकमेकांपासून निराळी ओळखणे कठीण. संपादकाची कात्री येथे हवी होती. मात्र शेवटचे, अकरा मिनिटांचे गाणे, ज्यात दुःखालाच प्रेयसी कल्पिले आहे, ते मधोमध जेथे शांत होते आणि एकटी खर्जाची गिटार उरते, तेथे ह्या मंडळीला शांततेची किंमत कळते हे सिद्ध होते. गोंगाट करणाऱ्याला ती कळत नसते.

तिसरा, आणि आमच्या मते ह्या चौघांत श्रेष्ठ, तो ‘द क्युअर’ ह्या इंग्रज मंडळीचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. हा नोव्हेंबर २०२४ मध्ये, सोळा वर्षांच्या खंडानंतर निघाला. आठच गाणी. पहिल्या गाण्यात तीन मिनिटे उलटून जातात तरी गायक तोंड उघडीत नाही. शेवटच्या, दहा मिनिटांहून मोठ्या गाण्यात तर सहा मिनिटे केवळ वाद्येच आहेत. आमच्यातील काही उत्साही मंडळी लगेच ह्याची तुलना आलापीशी करतील. ती आम्हांस मान्य नाही. आलापीत राग उलगडत जातो. येथे काहीच उलगडत नाही, एकच सुरावट पुनःपुन्हा येते आणि दर खेपेस अधिक जड होते, जसा मृत्यू झालेल्या घरातील दिवस. गायक रॉबर्ट स्मिथ ह्याने ह्यात आपल्या थोरल्या भावाच्या मृत्यूवर एक गाणे केले आहे. पासष्टीतला मनुष्य रडण्याचे नाटक न करता भावाला निरोप देता येत नाही एवढेच सांगतो. आमचे वडीलबंधू जाऊन सहा वर्षे झाली. ते गाणे आम्ही पहिल्या खेपेस पुरते ऐकू शकलो नाही.

चौथा आपल्याच देशातला. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ ह्या मंडळीचा ‘नू देल्ही’, मार्च २०२५ चा. ढोल, बासरी आणि कर्कश गिटार ह्यांची मोट बांधून हे तरुण जगभर हिंडतात. त्यांचा जोम निर्विवाद आहे. परंतु आम्हांस असे वाटले की, पुष्कळदा ढोल येथे मिरवणुकीच्या निशाणासारखा पुढे चालतो. ‘आम्ही हिंदुस्थानातले’ एवढे सांगून झाले की त्याचे काम संपते आणि पुढला सगळा भार गिटार उचलते. ज्या गाण्यांत ढोल खरोखर चाल ठरवितो, तेथे हे तरुण अस्सल वाटतात. अशी गाणी अधिक हवी होती.

येवढे ऐकून आमचे मत असे झाले आहे की, ह्या संगीतात सरस आहे, निरस आहे, पसारा आहे आणि साधना आहे; म्हणजे इतर कोणत्याही संगीतात असते तेच आहे. मोठा आवाज आणि गोंगाट ह्या दोन वस्तू निराळ्या. मोठा आवाज हा मापाचा गुण, गोंगाट हा रचनेचा अभाव. ज्या गृहस्थांना मुलाच्या खोलीतील गिटार असह्य होते, तेच त्याच मुलाच्या वरातीत छाती हादरविणाऱ्या ध्वनिक्षेपकांचा ट्रक भाड्याने आणतात, आणि शेजारच्या आजाऱ्याचा विचारही त्यांच्या मनात येत नाही. तेव्हा त्यांचे भांडण आवाजाशी नाही. त्यांचे भांडण अनोळखीपणाशी आहे, आणि अनोळखीपणा हा ऐकणाऱ्याचा दोष असतो, वाजविणाऱ्याचा नव्हे.

आणि चंद्रपूरकरांना तर हे संगीत अनोळखी वाटण्याचे कारणच नाही! ज्याला ‘हेवी मेटल’ म्हणतात, तो रॉकचा सर्वांत जड प्रकार इंग्लंडातील बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरात जन्मला. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या मंडळीचा पहिला अल्बम १९७० चा. तिचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याची बोटे नेमकी तीच. तेव्हा कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट ह्या वादकाची तबकडी ऐकविली आणि मग सांगितले की, हा मनुष्य भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवितो. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढविल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली उतरविला. आणि त्या उतरलेल्या, जड सुरातून एक संगीतप्रकार उभा राहिला. त्या मंडळीचा गायक ऑझी ऑस्बर्न ह्याने ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच आपल्या गावकऱ्यांपुढे शेवटचे गायन केले आणि २२ जुलैला तो वारला.

आता आमच्या गावाकडे पाहावे. वरोऱ्याची कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकातली. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचे. बल्लारपूरला कागदाचा कारखाना. पलीकडे गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस निघतात. उन्हाळ्यात देशातील सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत आमचे नाव नेमाने असते. यंत्राच्या घरघरीत झोपणारा आणि राखेने पांढरी झालेली तुळस रोज सकाळी धुणारा चंद्रपूरकर ‘हे जड संगीत आम्हांस कळत नाही’ असे म्हणतो, तेव्हा आम्हांस हसू येते. ते कळण्याचे सर्व सामान त्याच्या अंगणात पडले आहे.

हा निबंध येथेच संपवावयाचा आमचा विचार होता. परंतु दिवाळीत भाचा पुन्हा आला, आणि एक गोष्ट अशी घडली की, पुढले लिहिणे भाग पडले. आम्ही त्यास म्हटले, “तुझे चार अल्बम आम्ही ऐकले, आता तू आमचे एक ऐक. वैनगंगेपलीकडे आज रात्री नाटक आहे, चल.” त्यावर तो जे बोलला ते आम्ही जसेच्या तसे देतो. तो म्हणाला, “मामा, झाडीपट्टीचे नाटक? तो गोंगाट कोण ऐकणार!”

वाचकहो, तोच शब्द! वडिलांच्या तोंडून जो ऐकून ह्याचे मन पोळले होते, तोच त्याने जसाचा तसा, धारसुद्धा न बदलता, आपल्या शेजाऱ्यावर फेकला.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. तेथे दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे ह्या व्यवसायाचे ठाणे. नाटक कंपन्यांची कार्यालये तेथे, आणि गावोगावची मंडळे तेथे जाऊन नाटक ठरवितात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, ही जुनी रीत. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली बंदी आली तेव्हा ती मोडली, आणि बंदी उठल्यावर पुन्हा जुळली. तिकीट काढून, घोंगडी पांघरून, आयाबाया पोरांसह पहाटेपर्यंत बसतात. सरकारी अनुदानाच्या आधारावाचून, केवळ प्रेक्षकांच्या पैशावर जगणारी ही रंगभूमी आहे. तिच्यातील नट परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कित्येक शहरी वाचकांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथमच वाचला असेल.

भाचा अखेर आला. त्यास आमची भीड पडली. त्या रात्री जे आम्ही ऐकले, त्याचीही परीक्षा आम्ही त्या चार अल्बमांच्याच काट्यावर करतो. ऑर्गनवाला पन्नाशीचा होता. संवाद चालू असता तो डाव्या हाताने एकच सूर धरून ठेवी, आणि नायिकेचा कंठ दाटला की अर्ध्या सुराने खाली येई. तिला पद कोठून उचलावयाचे हे तो असे न बोलता सांगत होता. ऑक्टोपॅडवाला पोरगा विशीचा. खलनायकाच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर त्याचा ठोका बरोबर पडे. उणिवाही होत्या. दोन पदांना सिनेमाच्या चाली चिकटविल्या होत्या, ध्वनिक्षेपक फाटका होता, आणि तिसऱ्या अंकातील नाच कथेशी संबंध नसता केवळ शिट्ट्यांसाठी घातला होता. परंतु पहाटे चारच्या सुमारास, बाप आपली विकलेली शेती पाहावयास येतो त्या प्रवेशात, त्या ऑर्गनवाल्याने जवळजवळ दोन मिनिटे एकट्याने वाजविले. मंडपात पोर रडले नाही. भाच्याने आमच्याकडे पाहिले नाही, पण तो पुढे सरकून बसला.

परतताना त्याने विचारले, “मामा, त्या ऑर्गनवाल्याचे नाव काय?” आम्ही हँडबिल काढून पाहिले. नट होते, नट्या होत्या, लेखक होता. ऑर्गनवाल्याचे नाव नव्हते.

आमचा मुद्दा आहे तो हा. चार्ली वॉट्सने मरणापूर्वी वाजविलेला ताल कोणत्या दोन गाण्यांत आहे हे चंद्रपूरच्या मुलाला ठाऊक असते, कारण कोणीतरी ते ऐकले, नोंदले आणि त्यावर लिहिले. वैनगंगेकाठचा ऑर्गनवाला रात्रीमागून रात्री वाजवितो आणि होळीला त्याचे सगळे वाजविणे हवेत विरते, कारण त्याची तबकडी नाही. तबकडी नाही म्हणून परीक्षण नाही. परीक्षण नाही म्हणून सुशिक्षितांच्या लेखी ते संगीतच नाही. खडी गंमत आणि दंडार ह्यांची हीच गत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया मुलामुलींच्या रांगा रात्रभर हात गुंफून ‘रेला’ गातात. एका रांगेने गाणे टाकावयाचे, दुसरीने उचलावयाचे. तेथे कोणी एक गायक नसतो आणि कोणी नुसता श्रोताही नसतो. अलीकडे गोंडी गाणी यंत्रताल चढवून मोबाइलवर फिरू लागली आहेत. त्यांतली काही आम्ही ऐकली. तो यंत्रताल पावलांची चढउतार सपाट करतो असे आमचे मत झाले. पण गोंडी तरुण आपली भाषा नव्या वाद्यावर चढवितो आहे ही गोष्ट मोलाची आहे, आणि ती चांगली की वाईट ह्याचा वाद घालण्याइतके तरी आम्ही तिला मानावयास हवे. तो वाद घालावयास एकही मराठी परीक्षक पुढे आलेला आमच्या पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल, लोककलेवर तर पुष्कळ लिहिले जाते. होय, पण कसे? ‘जतन’, ‘संवर्धन’, ‘ठेवा’ ह्या शब्दांनी. हे शब्द वस्तुसंग्रहालयाचे आहेत. ज्या कलेला आपण जिवंत मानतो तिला आपण ठेवा म्हणत नाही. तिच्यावर टीका करतो. मेटॅलिकाची मधली गाणी कंटाळवाणी आहेत असे म्हणणे हा त्या मंडळीचा मान आहे. त्याच मानाने कोणीतरी लिहावे की, यंदाच्या हंगामात अमक्या कंपनीचा ऑर्गन सरस, तमकीची पदे उसनी, ह्या मुलीचा आवाज तयार होत आहे, त्या मुलाने ठोका आवरावा. दया नको, परीक्षण हवे.

तेव्हा आमची मागणी दोघांकडे आहे. झोपाळ्यावरील वडिलांनी एक अल्बम, एकच, आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावा आणि मग वाटेल ते बोलावे. खोलीतील चिरंजीवांनी एका हिवाळ्यात एक नाटक पहाटेपर्यंत पाहावे आणि त्यावर आपल्या अल्बमांइतक्याच बारकाईने लिहावे. दोघांनीही ‘गोंगाट’ हा शब्द तोवर उंबरठ्याबाहेर ठेवावा.

आमच्यापुरते आम्ही आरंभ केला आहे. वडश्याच्या त्या कंपनीच्या कार्यालयात जाऊन आम्ही ऑर्गनवाल्याचे नाव विचारून आलो, आणि पुढल्या हंगामापासून हँडबिलावर वाद्यवाल्यांचीही नावे घालावी अशी विनंती करून आलो. मालक हसले आणि म्हणाले, “साहेब, आजवर कोणी विचारलेच नाही.”